बारा किलो, सुके

दुकानदाराने विचारलं, घरात माणसं किती?
आणि आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो.

सांगायचं तर कुणापासून?
थोरले, मंदावहिनी, त्यांची चार.
आम्ही दोघं, आमची दोन.
यमुनावन्सं परत आल्यात, कायमच्या की कसं
ते कुणी विचारत नाही,
पण त्यांची चादर रोज दोरीवर असते.
विलास जहाजावर; वर्षातून दोन महिने घरी,
आणि येतो तो पाच माणसांचे मळके कपडे घेऊन.
शिवाय होडीवरचे दोघे खलाशी, कारवारकडचे.
ते घरातले नव्हेत,
पण लुंग्या त्यांच्या आमच्याच ढिगात.

"चौदा," मंदावहिनी म्हणाल्या.
मग थांबून, "विलासचं ठरतंय. पंधरा धरा."

त्याने पंधरा धरले. झाकणावर बोट वाजवत निघाला:
सात किलो, आठ किलो, साडेनऊ,
आणि कोपऱ्यात खोक्यांच्या आड
बारा किलोची.

किलो आम्हाला कळतो.
लिलावात टोपली नुसती उचलून सांगतो आम्ही
बांगडा किती नि बर्फ किती.
म्हणून मी विचारलं, हे बारा किलो ओले की सुके?
सुके, तो म्हणाला.

आमच्या घरात सुका कपडा असतो कधी?
समुद्रावरून आलेला सदरा वाळला
तरी शिवणीत मीठ, खिशात खवले,
आणि थोरल्यांची पँट तर
भिंतीला टेकून उभी राहते, आत कुणी नसताना.

देवबागात एका अंगाला नदी, एका अंगाला समुद्र,
मधे आम्ही, दोरीवर टाकल्यासारखे.
गंज इथे ऋतू बघत नाही.
फ्रिजचे पाय गेले. खिडकीचे गज गेले.
माझी आहेरातली सायकल गेली,
घंटी तेवढी वाजते अजून.

ड्रम स्टीलचा, तो सांगत होता, मोटरला दहा वर्षं.
"आणि पत्र्याला?"
तो कागद चाळू लागला.

येताना पास्कूला गाठलं. इंजिनं उघडतो तो होड्यांची.
हात पुसत म्हणाला,
"वॉरंटी मोटारीक आसता, मिठाक नसता.
फळयेर ठेवा. मागच्या पत्र्याक तेलाचो हात मारा,
होडयेक मारतास तसो.
आणि गाणां म्हणणारी नको. बटणां कमी बघा."

रात्री हिशेबाची वही उघडली.
थोरले म्हणाले, एवढी मोठी? टेम्पोत मावेल?
विलासचा फोनवर निरोप होता, पैसे टाकतो, मोठीच घ्या.
आणि मंदावहिनीच म्हणाल्या,
"साडेनऊची पुरे गो. दिवसातून दोनदा लावू."

दोनदा लावणार कोण,
हे मी विचारलं नाही.
त्या डब्याचं झाकण उघडत होत्या, लोणच्याच्या,
उघडत नव्हतं.
मालवणच्या डॉक्टरांनी सांगितलंय, पिळायचं नाही.
सव्वीस वर्षं पिळल्यावर सांगितलंय.
डबा त्यांनी पदरात धरला, मग यमुनावन्संकडे सरकवला,
बोलणं दुसऱ्याच गोष्टीचं चालू ठेवत.

मी वहीत लिहिलं: बारा.
कुणी खोडलं नाही.

न्हाणीच्या दारातून ती गेली नाही, दोन बोटं जास्त भरली.
पडवीत ठेवली, जुन्या होडीच्या फळीवर.
पहिल्या दिवशी मंदावहिनी झाकणावर हात ठेवून
पूर्ण अठ्ठेचाळीस मिनिटं उभ्या.
बसा म्हटलं तर म्हणाल्या, असू दे,
आत काय करते ते कळतंय हाताला.

माडाखाली मंजुनाथ उभा होता केव्हाचा,
लुंगीची घडी काखेत, यावं की जावं अशा पायांनी.
"आण हयसर," त्यांनी हाक मारली,
"तुका धरूनच घेतली हा."

शेवटच्या गिरक्यांत ती अशी थरथरली
की फळीवरून वीतभर पुढे आली, दाराच्या दिशेने.
पोरं ओरडली, चालली, चालली!
थोरले उठले, खुंटीवरचा नांगराचा दोर काढला
आणि काहीही न बोलता
तिला खांबाला बांधायला लागले.